आश्रम नको, गावातच स्वतःच्या मर्जीने राहायचे आहे. ग्रामसभेत नेमके काय मागावे?

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. अमळनेर-पारोळा पट्ट्यातल्या काही गावांत दिव्यांगांचा गट चालतो, त्यांच्या वतीने विचारतो आहे. सध्या तिघांचा प्रश्न समोर आहे. एक तरुण झाडावरून पडला, मणक्याला इजा झाली. छातीखाली संवेदना नाही, हात चांगले चालतात, चाकाची खुर्ची वापरतो. एका ताईंना सेरेब्रल पाल्सी आहे. बोलणे अस्पष्ट, पण समज पूर्ण. तिसरा २६ वर्षांचा बौद्धिक दिव्यांग मुलगा. तिघांचेही आईवडील थकलेत आणि भावकीत एकच सूर आहे: "एखादी चांगली संस्था बघा, दोन वेळची भाकरी तरी सुटेल." तिघांनाही गाव सोडायचे नाही.

आम्हाला ग्रामसभेत मदतनिसाची मागणी मांडायची आहे. मदतनीस कोण, तो कधी येणार, काय करणार हे त्या व्यक्तीनेच ठरवावे असा आमचा आग्रह आहे. सरपंच म्हणतात, दिव्यांगांचा ५ टक्के निधी आहे, त्यातून सगळ्यांना भांडी किंवा ब्लँकेट देतो, पगार कसा देणार? कायद्याचा आधार, पैशांचा हिशेब आणि मदतनिसाची व्यवस्था, तिन्हींवर जाणकारांनी लिहावे. शिवाय मणक्यावाल्या तरुणाच्या घराचा ओटा दीड फूट उंच आहे आणि गल्ली जेमतेम नऊ फुटांची. रॅम्प बसेल का?

विधी_धुळे

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ चे कलम ५ आधी वाचा आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. पहिल्या उपकलमात दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क सरळ शब्दांत दिला आहे, तिथे 'शक्य असल्यास' वगैरे काही नाही. दुसरे उपकलम मात्र थोडे सैल आहे. कोणालाही एखाद्या विशिष्ट निवासव्यवस्थेत राहणे भाग पडू नये आणि घरपोच सेवा व वैयक्तिक मदतनीस मिळावा, यासाठी शासनाने 'प्रयत्न करावा' अशी त्याची भाषा आहे. अधिकारी नेमका हाच शब्द पुढे करतात. त्यावर उत्तर असे द्या: प्रयत्न केला हे दाखवण्याची जबाबदारी तुमची, तेव्हा काय प्रयत्न केला ते लेखी द्या.

या कलमामागे संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार आहे. त्याच्या अनुच्छेद १९ मध्ये कुठे आणि कोणासोबत राहायचे ते निवडण्याचा हक्क आहे. भारताने तो करार २००७ मध्ये मान्य केला. अर्जात दोन्हींचा उल्लेख एका ओळीत करा, पानभर लिहू नका.

ताईंच्या बाबतीत कलम १३ जास्त कामाचे. बोलणे कळत नाही म्हणून निर्णयाचा अधिकार जात नाही. बँक खाते, शेतीचा हिस्सा, करार हे सगळे त्या स्वतः करू शकतात, हवा तर आधार घेऊन. दोन गोष्टी याच कलमात आहेत आणि त्या फारच थोड्यांना माहीत असतात. आधार देणारा माणूस पसंत नसेल तर तो बदलण्याचा अधिकार त्या व्यक्तीचाच आहे. आणि ज्या व्यवहारात आधार देणाऱ्याचा स्वतःचा फायदा गुंतला आहे, त्या व्यवहारापुरते त्याने बाजूला व्हायचे. सातबाऱ्यावर हक्कसोड करून घेताना भाऊच 'मदत' करतो, तिथे हे वाक्य तलाठ्यासमोर ठेवा. फक्त रक्ताचे नाते आहे म्हणून हितसंबंध आडवे आले असे कायदा धरत नाही, त्यामुळे तो फायदा नेमका कोणता हे लिहावे लागेल.

बौद्धिक दिव्यांग मुलासाठी घरचे लगेच पालकत्वाचा कागद काढायला निघतील. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडून तो मिळतो. गरज असेल तर काढा, पण त्याआधी विचारा की कोणत्या कामासाठी हवा आहे. २०१६ च्या कायद्यात कलम १४ ने मर्यादित पालकत्वाची वाट दिली आहे. ते ठराविक निर्णयापुरते, ठराविक काळापुरते आणि त्या व्यक्तीच्या इच्छेप्रमाणे चालायचे असते. निवृत्तिवेतनाचे खाते उघडण्यासाठी माणसाचे संपूर्ण आयुष्य दुसऱ्याच्या हाती देण्याची गरज नाही. त्याच्यासाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजनाही बघा, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते.

कोणी जबरदस्तीने नेऊन ठेवत असेल, कोंडत असेल किंवा पैसे हडपत असेल, तर कलम ७ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रत्यक्षात तहसीलदाराकडे, कोणीही माहिती देऊ शकते. वकिलाचा खर्च लागत नाही. दिव्यांग व्यक्तीला १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे मोफत वकील मिळतो, तालुका न्यायालयातच विधी सेवा समिती असते.

गिरणाथडी

कायद्यावर वर चांगले लिहिले आहे. मी हिशेबाचे आणि मदतनिसाचे लिहितो, कारण मागणी फसते ती इथे.

'मदतनीस द्या' असे मागू नका. तास मागा. एका माणसाच्या पूर्ण दिवसाचा कागद तयार करा: कुठले काम, किती वाजता, किती मिनिटे, आणि ते काम स्वतः होते की आधार लागतो. मणक्याच्या इजेचा नमुना असा बसतो: सकाळी शौच, अंघोळ, त्वचेची तपासणी, कपडे, खुर्चीत बसवणे मिळून अडीच तास. दुपारी जेवणाची मांडणी आणि थोडे पडायला मदत, मिळून अर्धा तास. संध्याकाळी बाहेर जाणे आणि अंथरुणावर घेणे दीड तास. झाले साडेचार तास. हात चालत असतील तर दर चार ते सहा तासांनी नळीने लघवी काढणे तो स्वतः करील. मदतनिसाने फक्त साहित्य हाताशी ठेवायचे. दर अर्ध्या तासाला खुर्चीत हातांवर जोर देऊन बूड उचलणेही त्याचे त्यालाच.

रात्री कूस बदलण्याचे तास मात्र कोणीच धरत नाही, आणि जखमा तिथेच होतात. दर दोन तासांनी कूस बदलणे हा सुरुवातीचा नियम. घरातला कोण उठणार ते नावासकट कागदावर येऊ द्या.

आता पैसे. समजा तासाला ५० रुपये ठरले. साडेचार तास, तीस दिवस, म्हणजे १३५ तास आणि ६,७५० रुपये. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना २०२५ च्या वाढीनंतर दरमहा २,५०० रुपये मिळतात, त्यात ५० तास भागतात. उरलेले ८५ तास आज आई फुकट करते आहे, हा आकडाच ग्रामसभेत मांडा. "घरचे बघतात की" हे वाक्य त्याने थांबते.

ग्रामपंचायतीचा ५ टक्के निधी स्वउत्पन्नातून काढायचा असतो, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी वगैरेतून. वर्षाचे स्वउत्पन्न ३ लाख असेल तर निधी १५,००० रुपये. गावात दहा दिव्यांग असले तर वाट्याला दीड हजार. यातून कोणाचाही महिन्याचा पगार निघणार नाही, तेव्हा ती मागणीच चुकीच्या दारी होते. पण हेच १५,००० एकत्र ठेवले तर ५० च्या दराने ३०० तास होतात. ते बदली मदतनिसासाठी राखून ठेवायला सांगा. मदतनीस आजारी पडला, लग्नाला गेला, की गावातल्या कुणाही दिव्यांगाला त्या दिवसाचे तास मिळतील. ही सामूहिक बाब आहे, रक्कम छोटी आहे, आणि ग्रामसभेला समजते. भांड्यांपेक्षा शंभर पटीने उपयोगाची.

ठराव होण्याआधी तीन वर्षांचे स्वउत्पन्न आणि ५ टक्क्यांचा खर्च माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला १० रुपये, मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालचे असाल तर फी नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (जुने ग्रामसेवक) निधीच्या शासन निर्णयाची प्रतही घ्या, तुमची मागणी कुठल्या बाबीत बसते ते ठरावात लिहावे लागते. नाहीतर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा ब्लँकेटच.

मोठ्या रकमेची मागणी वर न्या. जिल्हा परिषदेलाही ५ टक्के आहे. कायद्याच्या कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्ता आहे आणि कलम ३८ मध्ये ती गरज तपासून घेण्याचा अर्ज आहे. तो अर्ज तिघांच्या नावाने वेगवेगळा करा, तासांचा कागद जोडा. लगेच मंजूर होईल असे नाही. पण गरज लेखी नोंदली गेली की ती 'कुणी मागितलीच नव्हती' असे म्हणता येत नाही.

मदतनीस निवडताना एक पूर्णवेळ माणूस ठेवण्यापेक्षा दोन अर्धवेळ ठेवा. एकटा असेल तर तो गेला की सगळे बंद पडते, आणि अवलंबून असल्यामुळे त्याचे वागणे चुकले तरी बोलता येत नाही. ताईंना बाईच मदतनीस हवी आणि ती कोण हे त्यांनीच ठरवायचे. आपल्याकडची दोन हंगामी गणिते लक्षात ठेवा: दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी जोरात असते, सकाळच्या बाया मिळत नाहीत, आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सासुरवाशिणी माहेरी निघून जातात. वेचणीच्या काळात सकाळची पाळी पुरुष मदतनिसाने चालत असेल तर तशी अदलाबदल आधीच लिहून ठेवा, नसेल तर दर वाढवून द्यायची तयारी ठेवा.

एक पानी करार पुरतो. कामाचे तास, पगाराची तारीख, सुट्या, घरातली गोष्ट बाहेर न सांगणे, पंधरा दिवसांची सूचना. सर्वात महत्त्वाचे, काम कसे करायचे हे दिव्यांग व्यक्ती सांगणार आणि पगार तिच्या हातून जाणार. पैसे भावाच्या हातून गेले की हुकूम भावाचा चालतो. एटीएमचा पिन मदतनिसाला कधीही नाही; बाजारहाटाला रोख देऊन वहीत हिशेब. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या सूचनेप्रमाणे दिव्यांगांना घरपोच बँकसेवा मिळते, शाखेत लेखी मागणी करा.

अनुदान दुसऱ्याच खात्यात गेल्याची तक्रार फार असते. आधार क्रमांक ज्या बँकेशी शेवटी जोडला गेला, पैसे तिकडे जातात. घरच्यांनी मध्येच एखादे शून्य रकमेचे खाते उघडून दिले की अनुदान तिकडे वळते. आधी ते तपासा.

मिस्तरी_चोपडा

रॅम्पचे सांगतो. दीड फुटाला १ ला १२ चा उतार म्हणजे १८ फूट लांबी. नऊ फुटांच्या गल्लीत आडवा जाणार नाही, म्हणून भिंतीला समांतर घ्या. रुंदी ४ फूट. वर दारासमोर ५ बाय ५ फुटांची सपाट जागा सोडा, नाहीतर खुर्ची मागे घसरत असताना दार उघडावे लागते. घराची दर्शनी बाजू १८ फुटांची नसेल तर मध्ये वळण देऊन दोन तुकडे करा, वळणावरही ५ फुटांची सपाट जागा. गल्लीत बांधकाम येणार म्हणून आधी ग्रामपंचायतीची परवानगी, शेजाऱ्याची सही सोबत.

जागा वाचवायला १ ला ६ किंवा १ ला ८ चा उतार करतात. तो ढकलणाऱ्याच्या भरवशावरचा रॅम्प होतो. ज्याला एकट्याने बाहेर पडायचे आहे त्याच्या काही कामाचा नाही.

खरी अडचण आपली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, आणि वरवर टाकलेला रॅम्प दोन पावसाळ्यांत ओट्यापासून सुटतो. दोन ते अडीच फूट माती काढा, मुरूम भरा, सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून धुम्मस करा, वर ४ इंच काँक्रीट. रॅम्प ओट्याला एकजीव ओतू नका. दोघांचा पाया वेगळा बसतो, त्यामुळे जोडावर तडा जातो. मध्ये फट ठेवा आणि वरून चौकड्यांची लोखंडी प्लेट टाका, एका बाजूनेच बोल्ट करा. अर्धा इंचाची फट उघडी राहिली तरी खुर्चीची पुढची लहान चाके त्यात अडकतात आणि माणूस तोंडावर पडतो.

पृष्ठभाग झाडूने ओरखडे काढलेला खरबरीत ठेवा, चकचकीत फरशी नको. कडेला ३ इंचांची उभी धार, दोन्ही बाजूंना कठडा अडीच आणि तीन फुटांवर. कठडा लोखंडी असेल तर एप्रिल-मे मध्ये हात भाजतो, त्यावर पाइपाचे रबरी आवरण चढवा.

दार मोकळे ३ फूट हवे. जुन्या चौकटी अडीच फुटांच्या असतात. चौकट बदला आणि उंबरठा काढा. संडास बहुतेक ठिकाणी ४ बाय ३ फुटांचा, दोन पायऱ्यांवर. तिथे खुर्ची जाणारच नाही. नवीन बांधायचा तर आत ५ बाय ६ फूट, दार बाहेर उघडणारे, बैठक दीड फूट उंच, भिंतीत आडवा दांडा. पैसे नसतील तर भोक असलेली चाकांची कमोड खुर्ची भारतीय भांड्यावर सरकवा, पण आधी भांड्याच्या पायदानाची उंची मोजून घ्या, खुर्चीचा खालचा दांडा तिथे आपटतो.

चाकांबद्दल: आपल्याकडे बाभळीचे काटे सर्वत्र. हवेचे टायर असतील तर आत जाड पट्टी टाका, किंवा भरीव टायर घ्या. भरीव टायरने हादरे जास्त बसतात, त्यामुळे उशी चांगली हवी.

सातपुडा_पायथा

मिस्तरींच्या पोस्टला जोडून एक तातडीची गोष्ट. छातीच्या वरच्या भागात मणक्याला इजा असेल तर त्याखाली घाम येत नाही. जळगाव-भुसावळकडचा मे महिना अशा माणसासाठी जीवघेणा आहे. घरचे त्याला मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवतात, ती सर्वांत चुकीची जागा. धाब्याच्या (मातीच्या छताच्या) किंवा स्लॅबच्या खोलीत, खिडकीजवळ, कुलरसमोर ठेवा, आणि वीज गेली तर ओले फडके व पाण्याची फवारणी हाताशी. बाहेरची कामे सकाळी ९ च्या आत किंवा संध्याकाळी ६ नंतर. मदतनिसाचे तास त्याप्रमाणे बदलावेत, म्हणून तासांचा कागद दोन असावेत, उन्हाळ्याचा वेगळा. उन्हात उभी राहिलेली खुर्ची कधीही लगेच वापरू नका; तापलेल्या पायदानाने संवेदना नसलेली कातडी भाजते आणि कळत नाही. अचानक डोके ठणकले, चेहरा लाल झाला तर त्याला बसता करा, कपडे सैल करा, लघवीची नळी दुमडली आहे का बघा आणि दवाखान्यात न्या. हे मदतनिसाला पहिल्याच दिवशी शिकवायचे.

आता तिसऱ्या मुलाबद्दल. वर कायदा सांगितला, पण 'त्याची इच्छा काय' हे विचारायचे कसे, ते राहिले. त्याच्या घरच्या बोलीत विचारा. अमळनेरकडे ती अहिराणी असेल, इकडे डोंगरात भिली किंवा पावरी. कार्यालयात प्रमाण मराठीत विचारले की मुलगा गप्प राहतो आणि त्याची नोंद 'समज नाही' अशी होते. "तुले काय पायजे?" असे घरात, खाताना, वेगवेगळ्या दिवशी विचारा. फोटो दाखवा: हे घर, ही संस्था, हा मामा, ही आत्या. ज्याच्यासमोर तो बोलतो त्या माणसाला सोबत ठेवा, पण उत्तर त्या माणसाने देऊ नये. प्रत्येक वेळी तारीख, प्रश्न, उत्तर आणि कोण हजर होते ते वहीत लिहा. ही वही समितीसमोर पालकत्वाच्या अर्जापेक्षा जड पडते.

संस्थेला मी सरसकट नाही म्हणत नाही. काहींना शिक्षणासाठी वसतिगृह हवे असते आणि ते स्वतः निवडतात. प्रश्न एवढाच: तो केव्हा बाहेर पडू शकतो, जेवायला काय हे कोण ठरवते, दाराची चावी कोणाकडे. हे तिन्ही प्रश्न भावकीला विचारून बघा.

गिरणाथडींच्या एका मुद्द्याशी असहमती. काळजीवाहक भत्त्याच्या अर्जावर सगळी ताकद लावू नका. घरकुल आणि शिधापत्रिका जास्त लवकर हाती येते. घरकुलासह गरिबी निर्मूलनाच्या योजनांत दिव्यांगांना ५ टक्के राखीव आहे, त्यातही महिलांना प्राधान्य. ताईंच्या नावाने घरकूल आणि विभक्त शिधापत्रिका झाली की त्या भावकीच्या दयेवर राहत नाहीत. नाव कागदावर असले की आवाज ऐकला जातो.

गिरणाथडी

मान्य. घरकुलाच्या नकाशातच ३ फुटांचे दार आणि मोठा संडास मागा. बांधून झाल्यावर फोडायला पैसे मिळत नाहीत. भत्त्याचा अर्ज तरीही द्या, तो टपालाने जातो आणि पोच मिळते.

बोरीकाठ

खूप आभार. पुढची ग्रामसभा २ ऑक्टोबरला होईल. गणपूर्तीचे काय? आणि ठराव नाकारला तर?

विधी_धुळे

गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातले कमी असेल ते. तुमच्या गटाने आणि बचत गटांनी हजेरीपटावर सह्या होतील हे बघा. मागणी आधीच लेखी देऊन विषयपत्रिकेत घालून घ्या, आयत्या वेळच्या विषयात मांडली तर टोलवली जाते. सभा पहिल्या मजल्यावर किंवा पायऱ्यांच्या चावडीत असेल तर जागा बदलण्याचा अर्जही सोबत द्या. मणक्यावाला तरुण तिथे पोचलाच नाही तर त्याच्याबद्दल दुसरेच बोलतील. ताईंना स्वतः बोलायला वेळ द्या. त्यांचे म्हणणे मोबाइलवर लिहून मोठ्याने वाचणारी व्यक्ती त्यांनी निवडावी.

ठराव नाकारला तर कारणासह इतिवृत्ताची प्रत मागा. मग गटविकास अधिकारी, आणि त्यानंतर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात राज्य आयुक्तांकडे तक्रार. आयुक्तांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत काय केले ते कळवावे लागते, आणि शिफारस मानली नाही तर कारण द्यावे लागते. तक्रारीवर सही तिघांची, त्यांच्या स्वतःच्या हाताची किंवा अंगठ्याची. गटाची सही साक्षीदार म्हणून खाली.

बोरीकाठ

समजले. तासांचा कागद या आठवड्यात तिघांसोबत बसून भरतो, उन्हाळ्याचा वेगळा. मिस्तरी, गल्लीचे आणि ओट्याचे माप काढून टाकतो, वळण कुठे घ्यायचे तेवढे सांगा.